सतरा चुकांचं पत्र

मंडळी, ऐका. साधा प्रश्न आहे. माणूस आपल्याशी बोलायला लागला, की आपण त्याचं म्हणणं ऐकतो, का त्याच्या चुका वेचतो? मागचे हसू नका – तुमच्याकडेच येतोय!

त्र्यंबक गुरुजी म्हणून एक होते. गाव सांगत नाही, त्यांचे पाहुणे इथं बसलेत. गुरुजी निवृत्त झाले, लाल शाईचा पेन काही झाला नाही. कुणाची लग्नपत्रिका आली की आधी तपासायची. मुहूर्त टळला तरी चालेल – ऱ्हस्वदीर्घ चुकता कामा नये!

कुमुद त्यांची एकुलती लेक, लांब सासरी दिलेली. तिचं पत्र आलं. गुरुजींनी पेन उघडला, पत्र तपासलं, खाली शेरा मारला – ‘चुका सतरा. लक्ष देऊन लिहावे.’ आणि त्याच दिवशी तिला परत टपालानं पाठवलं!

बायको, अंबूबाई, त्याच सकाळी माहेरी गेलेल्या. चार दिवसांनी आल्या. पिशवी ठेवत म्हणाल्या, “कुमुदचं काही पत्र?”

“आलं होतं. सतरा चुका.”

“अहो, पण लिहिलं काय होतं?”

 गुरुजींना चुका सगळ्या पाठ, पत्र आठवेना! म्हणाले, “‘महिना’तला हि दीर्घ काढलाय. ‘सूज’चा उकार ऱ्हस्व.”

“कुणाला सूज आलीय?”

“पायाला म्हणाली वाटतं.”

“अहो, तिला आठवा चाललाय.”

बाई पाणीसुद्धा प्याली नाही. तशीच एस.टी.त बसली. जाऊन बघते, तर पोरीचे पाय टम्म सुजलेले, डोळ्यांपुढं अंधारी. सासरचे म्हणत होते, होतं असं. अशा अंधारीत लिहिलं होतं तिनं, मंडळी – वेलांट्या कुठल्या नीट येणार?

अंबूबाईंनी जीप करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “चार दिवस आधी आणायचं होतं.” पोरगी वाचली. बाळ गेलं.

गुरुजी पोचले, खाटेजवळ उभे राहिले. कुमुद हळूच म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला ‘या’ म्हणून लिहिलं होतं.”

 

आता तुम्ही. घरी जाल. सून म्हणेल, “मामंजी, दोन दिवस अन्न जात नाही हो.” आणि तुम्ही म्हणणार – “आधी ते भांडं आवाज न करता ठेव!” म्हणता की नाही? तेव्हा तोंड मिटा, आणि तिच्या ताटाकडे बघा.

चला, आता नाम घेऊ. शेजारच्याचा ताल चुकेल. चुकू दे. त्याच्याकडे वळून बघू नका.