मेसेज पुण्याला पोचला

मी अणदूरची लेक. लग्न होऊन इकडं परंड्याकडं नदीकाठी आले, तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगते ताई, सासूनं पहिल्या दिशी हातात म्हशीचं दावं दिलं ते अजून हातातच हाय. मालक वारले, दीर पुण्याला कंपनीत लागले, रान त्यांच्या नावावर नि राबायला मी.

मागं गावात सरकारी माणसं आली, पुराचा मेसेज मोबाईलवर येणार म्हणून दारोदार नंबर घेत फिरली. मी दारात उभी, हात शेणानं भरलेले. मला म्हणाली, घरात कोणी न्हाय का. म्या म्हणलं, मी हाय की. तसं न्हाय मावशी, कर्ता माणूस पायजे. तेवढ्यात शेजारच्या आण्णांनी दिरांचा नंबर सांगून टाकला. साऱ्या गल्लीत तसंच झालं, बाया दारात नि नंबर बाप्यांचे.

वरच्या धरणातनं पाणी सोडलं त्या दुपारी मी नदीकडच्या गोठ्यात. फोन कमरेला, चार्जिंग हाय, रेंज हाय, नि फोन मुका. तिकडं पुण्यात दिरांचा वाजला. त्यांना वाटलं वहिनीलाबी आला असंल. पाणी गुडघ्याला लागलं तवा मला कळलं. दोन म्हशी सोडल्या. तिसरी चंद्री, गाभण, तिचा खुटा पाण्याखाली, गाठ ओढीनं आवळलेली, सुटंना. लई वरडली ती, लई. शेवटी लोकांनी मलाच ओढून काढलं.

पूर वसरल्यावर ग्रामसभेत तालुक्याचे साहेब म्हणले, मेसेज वेळेत पोचलाय. मी उठले. पोचला की साहेब, पुण्याला पोचला. पुण्यात माझी म्हैस बांधली होती काय? लोक हसले. मला अजून हसू येत न्हाय.

परवा परत एक नंबर घेणारा आला. दारात मी, नि परत तेच, घरात कोणी न्हाय का. म्या त्याचा पेन धरला. म्हणलं, दावं सोडायचं म्या, बुडायचं म्या, नि सांगावा दुसऱ्याला? लिही माझा नंबर. लिहीस्तोवर दारातनं हलू दिला न्हाय. मग हाका मारून गल्लीतल्या समद्या बाया गोळा केल्या, त्यांचेबी नंबर लिहायला लावले.

आता विजेचा, पावसाचा मेसेज आला की माझाच फोन वाजतो, नि मी आधी गोठ्याकडं पळते. चंद्रीचा खुटा अजून तिथंच हाय, त्याला मी कुणाला बांधत न्हाय. तुमचं भलं होवो ताई, पण एवढं लिहा. बाई दारात उभी असताना घरात कोणी न्हाय का, असं पुन्हा कुणी विचारू नगा.