माशांचे दगड

मासे बघायला चला म्हणतेस, पण मला त्या काचेच्या टाक्या नकोच गं. चिंचवडला बंगल्यावर कामाला होते, तेव्हा साहेबांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी कुणाचे तरी वापरलेले समुद्राचे दगड आणले. ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात ते घासायला बाईंनी मला मोरीत बसवलं. ह्यांची पहिली शिफ्ट, म्हणून तान्ही सुमी माझ्याजवळच. त्या वासाने तिला खोकल्याची ढास लागली.

“बाई, हिला जरा आत निजवू?”

बाईंनी दगड हुंगला. “अजून वास येतोय. परत धू, मासे गुदमरतील.”

“अहो, माझी पोर गुदमरतेय!”

“मग तिला आणायला कुणी सांगितलं होतं?”

मी दगड टाकला, सुमीला उचललं आणि निघाले. मागून बाई ओरडल्या, “अगं हळू, फुटला असता ना दगड!”