विडीच्या सुपावरचा पंखा

माझा जन्म वैरागजवळच्या खेड्यातला. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन सोलापुरात आले. सासू म्हणाली, हात रिकामे ठेवायचे न्हाईत, आणि शेजारच्या तेलुगू बाईपाशी नेऊन बसवलं. तिनं विडी वळायला शिकवलं, आणि पयल्याच दिवशी सांगितलं, सूप मांडीवर असलं की पंखा लावायचा न्हाय. तंबाखू उडती, भिजवलेलं पान वाळून फाटतं, आणि कारखान्यात तपासणारा फाटकी विडी छाट म्हणून तुमच्यासमोर मोडून टाकतो. काय सांगू तुमाला, आयुष्यभर मी त्या बंद पंख्याकडं बघत घाम पुसला.

ऊन तवाबी होतंच की. पण दुपार सोसली की संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, बाज टाकायची, गार लागायचं. आता समोरचा कडुलिंब तोडून शिमिटाचा रस्ता झाला, मागंपुढं पत्रेच पत्रे, पहाटे भिंतीला हात लावला तरी कोमट. फाल्गुनातच पान हातात कडक होतंय, मधेच गारा पडत्यात. कवा काय येईल, न्हाय सांगता येत.

गेल्या वैशाखात माझ्या सुनेला, रेणुकाला, सातवा महिना होता. दुपारी विडी वळता वळता म्हणाली, आत्या, जरा पंखा लावू का, डोकं गरगरतंय. मी म्हणलं, आमी काय पंख्याखाली बाळंत झालो व्हय? हसली ती. म्हणाली, तुमी लोखंडाच्या, आमी मातीच्या. आणि थोड्या वेळानं सुपासकट आडवी झाली. अंग हाताला चटकत होतं, आणि घाम न्हाय, एक थेंब न्हाय. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, हे तुमच्या काळातलं ऊन न्हाय, अजून उशीर केला असता तर दोन जीव गेले असते. पंख्याचं बटण माझ्याच हाताजवळ होतं.

वाचल्या दोघी. पोरगी झाली, बारकी हाय, पण रडती लई जोरात.

आता पंखा चालू असतो. सुपावर ओलं फडकं टाकते, तरी तंबाखू उडून डोळ्यात जाती, छाट वाढलीय. तपासणारा विचारतो, आजी, हात गेला का तुमचा? मी म्हणते, व्हय, गेला. दुसरं काय सांगू त्याला?

रेणुका अजूनबी बटण दाबायच्या आधी माझ्याकडं बघती. मी म्हणते, माझ्याकडं काय बघती, लाव.