सुट्टीत थांबणारा खोकला

(बंगळूर, जयनगर. कारखानदार जयसिंगराव यांच्या घरची बैठक. समोर त्यांच्या कारखान्यात चाकावर धातू घासणारा ग्राइंडर गुंडो आणि त्याची बायको अहल्या.)

जयसिंगराव : कारखाना म्हणजे देऊळ, अहल्याक्का. वडिलांचं वाक्य आहे. शेडच्या दारावर पाटी करून लावलंय. कन्नडमध्ये, मराठीत, आणि आता जर्मन पाहुणे येणार म्हणून इंग्रजीतसुद्धा.

अहल्या : लोकांना देवळातून आल्यावर बरं वाटतं, अण्णा. हे तुमच्या देवळातून आले की अंगणातल्या पायरीवरच बसतात. धाप कमी झाल्याशिवाय आत येत नाहीत.

जयसिंगराव : बंगळूरची हवाच बिघडलीय. जिकडेतिकडे काँग्रेस गवत. अर्धं गाव शिंकतंय.

अहल्या : गवत आमच्या गल्लीत रविवारीही असतं. खोकला रविवारी नसतो.

जयसिंगराव : आता तुम्हीच बोललात. मला हेच म्हणायचं होतं, पण तुमच्यासमोर जीभ रेटत नव्हती. दसऱ्याच्या सुट्टीत गुंडो आपल्या भजनी मंडळात टाळ घेऊन उभा होता. वरच्या पट्टीत गात होता, मी स्वतः ऐकलं. कारखाना उघडला, त्याच संध्याकाळी ताप, खोकला, अंग मोडून आलं. आमचे मॅनेजर विश्वासराव म्हणाले, सर, हा छातीचा आजार नाही, हजेरीपटाचा आहे.

गुंडो : मला म्हणाले नाहीत.

जयसिंगराव : तुझ्या तोंडावर कसं म्हणतील? सुसंस्कृत माणूस आहे.

अहल्या : डॉक्टरांना मी हेच सांगितलं. सुट्टीत थांबतो, कामावर गेलं की येतो. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कामावर हे श्वासातून काय घेतात?

जयसिंगराव : हवा. दुसरं काय घेणार?

अहल्या : यांनी सांगितलं, मशीन तापू नये म्हणून त्यावर कूलंट सोडतात. तेल आणि पाणी मिसळलेलं, दुधासारखं. चाक फिरतं तसं ते उडतं आणि त्याचं धुकं होतं. डॉक्टर म्हणाले, ते शिळं झालं की त्यात जंतू वाढतात, धुक्यातून छातीत जातात आणि फुप्फुसं आतून सुजतात. आता बाजूला झाले तर सावरतील. तिथंच राहिले तर फुप्फुसं चामड्यासारखी होतील, मग सुट्टीतही श्वास पुरायचा नाही.

जयसिंगराव : डॉक्टरांनी माझा कारखाना पाहिलाय?

अहल्या : यांचा एक्स-रे पाहिलाय.

जयसिंगराव : अहो, तो एसीत काम करतो. या बैठकीत बघा, नुसता पंखा आहे. जर्मन मशीनला धूळ चालत नाही, म्हणून मी शेडच्या खिडक्या कायमच्या बंद करून एसी बसवले. मंडळातल्या किती लोकांना एसीत नोकरी आहे?

गुंडो : एसी तीच हवा फिरवतो, अण्णा. धुकं तिथंच राहतं. संध्याकाळी चष्मा पुसला की रुमाल तेलकट होतो.

जयसिंगराव : म्हणजे गारवा नको?

अहल्या : कूलंटची टाकी धुवायला काय हरकत आहे? नवं कूलंट भरायला?

जयसिंगराव : ते स्वल्प नाजूक आहे.

अहल्या : काय नाजूक?

जयसिंगराव : आयुधपूजेला मशीनवर पंचामृताचा अभिषेक झाला. तो सगळा टाकीत उतरला. ते काय गटारात ओतायचं? मी सांगितलं, पुढच्या दसऱ्यापर्यंत टाकी मोकळी करायची नाही, कमी झालं की वरून नवं घालायचं.

अहल्या : दूध, दही, मध, साखर. बंद टाकीत. आणि वर तेल.

गुंडो : सोमवारी झाकण उघडलं की नासक्या दह्याचा वास शेडभर सुटतो.

जयसिंगराव : म्हणून तर चंदनाचं अत्तर टाकायला लावलं. घाऊक आणलंय.

गुंडो : मी भीमाचार्यांना विचारलं होतं. पूजा त्यांनीच सांगितली होती. ते म्हणाले, देवाला मशीनच्या अंगावर दही नको होतं, मी नुसतं कुंकू लावायला सांगितलं होतं. आता झाडाच्या बुंध्याशी ओता आणि मोकळे व्हा. मी विश्वासरावांना सांगितलं. ते म्हणाले, टाकी मोकळी करायची तर मशीन बंद ठेवावं लागेल.

जयसिंगराव : बरोबरच आहे. मशीन बंद म्हणजे लक्ष्मीचा अपमान.

अहल्या : आणि यांच्या छातीचा?

जयसिंगराव : अक्का, तुम्ही भावनेत बोलता. गुंडोसारखा हात अख्ख्या महादेवपुऱ्यात नाही. माप न लावता सांगतो, किती घासायचं राहिलंय. त्याला मी कुठं हलवू?

अहल्या : स्टोअरमध्ये.

जयसिंगराव : तिथं खिळे आणि वॉशर देत बसेल? असला कलाकार? त्याचा अपमान मला बघवणार नाही.

गुंडो : मला बघवेल, अण्णा.

अहल्या : डॉक्टर म्हणत होते, कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबांना चिठ्ठी लिहून देतो, ते येऊन टाकीतलं बाटलीत भरून नेतील. मी म्हटलं, थांबा. अण्णा घरच्यासारखे आहेत. त्यांच्याकडे पाहुणे यायचेत. पाहुण्यांसमोर कोणी बाटली घेऊन उभं राहिलं तर बरं दिसत नाही.

जयसिंगराव : तुम्ही फार समजूतदार आहात.

अहल्या : अजून तरी आहे.

जयसिंगराव : सरी, ठीक आहे. सोमवारपासून गुंडो स्टोअरला. पगाराला हात लावणार नाही. मशीनवर सयाजीला उभा करतो, त्याची छाती दणकट आहे.

गुंडो : माझीही होती.

जयसिंगराव : आणि ती चिठ्ठी?

अहल्या : आता कशाला लागते? डॉक्टरांना सांगते, आपापसात मिटलं.

जयसिंगराव : माझे वडील म्हणायचे, माणूस हीच खरी यंत्रसामग्री. त्याचीही पाटी करायला टाकलीय. कॉफी घ्या, निवतेय.

(जयनगरच्या बस स्टँडवर, दोघंच.)

अहल्या : घेतलं की नाही कबूल करून? मला वाटलं होतं, कॉफीही न देता बाहेर काढतील.

गुंडो : छान बोललीस. बाटलीचं कुठून सुचलं?

अहल्या : डॉक्टर खरंच म्हणाले होते. चिठ्ठी सोडली त्याची स्वल्प चुटपुट लागलीय. पण तुम्ही तिथून सुटलात ना. सयाजीच्या बायकोला मात्र सांगायला हवं, त्याचा खोकला रविवारी थांबायला लागला तर लक्ष ठेव म्हणून.

गुंडो : सांग.

अहल्या : मग तोंड का असं? खिळेच द्यायचेत म्हणून? लोक हसले तर हसू देत. श्वास घ्याल तरी.

गुंडो : तू कधी आत आली नाहीस ना कारखान्यात?

अहल्या : बायकांना पूजेच्या दिवशी दारापर्यंतच सोडतात. का?

गुंडो : स्टोअर त्याच शेडमध्ये आहे. मशीनच्या मागं. मध्ये नुसती तारेची जाळी आहे.

अहल्या : मग तिथं बसून गप्प का राहिलात? दुसऱ्या शेडमध्ये मागितलं असतं.

गुंडो : दुसरी शेड नाही, अहल्या.