उभ्या गाडीची सर्व्हिस

मी इथलीच, उज्जैनची. म्हणजे वडील भुसावळकडचे, रेल्वेत लागले, बदली होऊन इकडे आले ते इकडचेच झाले, आम्ही भावंडं सगळी इथेच जन्मलो, हिंदी शाळेत शिकलो, म्हणून माझी मराठी अशी आहे, अर्धी इकडची अर्धी तिकडची, तुम्ही लिहिताना नीट करून घ्या. नाहीतर राहू द्या तशीच. लग्नही इथल्याच मुलाशी झालं, विलासशी, त्याचं नानाखेड्याला बस स्टँडच्या मागे गॅरेज, मोठ्या गाड्यांचं. माहेरी आमच्याकडे सायकल सोडून काही नव्हतं आणि इकडे येऊन बघते तर अंगणात नेहमी कोणाची तरी गाडी उघडून ठेवलेली. विलास गेला त्याला आता पुष्कळ झालं. किडनीचं दुखणं, इंदूरला नेऊन-आणून थकलो, शेवटी गेलाच. सगळे म्हणाले सुनंदा, गॅरेज विकून टाक. पण आमचे रईसभाई आहेत ना, मोठे मिस्त्री, विलासच्या बरोबरचे, ते म्हणाले भाभी, आप बस काउंटर पे बैठ जाओ, गाडी मैं देख लूंगा. म्हणून बसले, ती बसलेच.

काउंटरचं काम म्हणजे काय, गाडीवाला येतो, काय होतंय ते सांगतो, रईसभाई गाडी बघतात, आणि मग मी त्याला समजावते की हे आत्ता करा, हे पुढच्या वर्षी, आणि हे नाही केलं तरी बिल्कुल चालेल. ऐकायला सोपं वाटतं. पण महागड्या गाडीचा माणूस घाबरलेला असतो हो. एक दिवा लागला डॅशबोर्डवर की त्याला वाटतं आता गेली गाडी. मी म्हणते बसा, चहा घ्या, बघू या.

तर करमरकर काका. तुम्हाला खरं तर त्यांचंच सांगायचं होतं. माधव नगरला राहतात, बँकेतून रिटायर, एकदम नीटनेटका माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. ते आले ते हातात कागद घेऊन, इंदूरच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट, सव्वा लाखाच्या वरचं. गाडी कुठली, तर ती मोठी परदेशी एसयूव्ही, काळी. मी मनात म्हटलं यांच्याकडे ही गाडी कशी. म्हटलं काका, किती चालली आहे. तर म्हणाले चालत नाही, उभीच असते. मग म्हटलं कोण चालवतं. तर कागदाची घडी घातली, परत उघडली, म्हणाले निखिल चालवायचा. मुलगा आमचा. इंदूरला ऑफिसात बसल्या जागी गेला.

एकुलता एक मुलगा, लग्न व्हायचं होतं. गाडी इंदूरहून आणून यांनी घरच्या गॅरेजमध्ये उभी केली, तेव्हापासून तिथेच. डॅशबोर्डवर सर्व्हिस ड्यू म्हणून पाटी लागायला लागली तर काका बेचैन. आयुष्यभर सगळं वेळच्या वेळी केलेला माणूस. मला म्हणाले, सुनंदाताई, यातलं जे खरोखर लागतं तेवढंच सांगा. कमी करायचं म्हणून नाही विचारत. मला कळायला हवं.

रईसभाईंना घेऊन त्यांच्या घरी गेले. आता काय सांगू तुम्हाला, ते इंदूरवाले काही खोटं बोलत नव्हते, त्यांचा तक्ता असतो, इतकी वर्षं झाली की हे, इतके किलोमीटर झाले की ते, ते सगळंच लिहून देतात. पण उभ्या गाडीचं वेगळं असतं. गिअरबॉक्सचं ऑइल किलोमीटरवर जातं, ते आत्ता नको. इंजिन आतून धुणं, इंजेक्टर साफ करणं, नको. टायर हलवत राहा, अजून भेगा नाहीत, पुढच्या वर्षी बघू. पण इंजिन ऑइल गाडी उभी असली तरी जुनं होतं, ते बदला. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते तर बदलाच, ब्रेकशी खेळ नाही. आणि बॅटरी. बॅटरी अगदी मरायला आलेली. हे सगळं मिळून पन्नास हजारांच्या आत बसत होतं.

मी बोलत होते तेवढ्यात काकू आल्या, पदराला हात पुसत. मी म्हटलं, आणि एक एसीचा फिल्टर आहे, आत धूळ साचते, तो बदललेला बरा. तर काकू म्हणाल्या तो नको. मी म्हटलं अहो स्वस्त असतो. तर म्हणाल्या, एसी लावला की त्याचा वास येतो. तो अत्तर लावायचा, ते, आणि त्याचा. काका खाली बघायला लागले. मी म्हटलं राहू द्या, फिल्टरने गाडीचं काही बिघडत नाही.

मग म्हणाल्या, बॅटरी पण नको.

का, तर ते असं होतं. दुपारी सगळं सामसूम असलं की गाडी आपणहून वाजायची. हॉर्न. गाडीला हात न लावता, गॅरेज बंद असताना. सगळी कॉलनी ऐकायची. शेजारच्या बाईने तर लिंबू-मिरची आणून दिली होती. काका चिडायचे, आणि काकू उठून जायच्या, गाडीत जाऊन बसायच्या. मला म्हणाल्या, तो आला की खालूनच हॉर्न द्यायचा, घंटी कधी वाजवली नाही त्याने. मी दार उघडायला जायची. आता रईसभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की भाभी, बॅटरी कमजोर झाली की अलार्म असा खुळ्यासारखा वाजतो, इन गाडियों में होता है, नई बॅटरी डालो, बंद. मला कळलं. पण हे त्या बाईला कसं सांगायचं. तरी सांगितलं, नीट सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे नवी टाकली की तो वाजणार नाही. मी म्हटलं नाही. म्हणाल्या, मग नको.

काका म्हणाले आपण नंतर ठरवू. ऑइल दोन्ही बदलून दिली, बॅटरी तशीच ठेवली.

पण मला घरी चैन पडेना. मी एक दिवस सहजच त्यांच्या घरी गेले, ब्रेक बघायचाय असं निमित्त करून. काका फ्रीगंजला बँकेत गेले होते. गॅरेजचं शटर अर्धं खाली, आणि आतून इंजिनचा आवाज. वाकून आत गेले तर धुराने डोळे झोंबले, डिझेल गाडी, आणि काकू ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या. मी आधी शटर वर केलं, इंजिन बंद केलं, त्यांना धरून बाहेर आणलं, ओट्यावर बसवलं. डोकं दुखत होतं त्यांचं, तोंड पांढरं. म्हणाल्या, बॅटरी मरू नये म्हणून रोज चालू करते गं, रईसभाईच म्हणाले होते ना की चालू केली तर टिकते. शटर लोकांनी बघू नये म्हणून खाली घेते.

मी म्हटलं काकू, हा धूर जीव घेतो, बंद जागेत माणूस झोपेतच जातं.

तर म्हणाल्या, मला माहितीये.

एवढंच. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत.

मग मी त्यांना माझं सांगितलं. कोणाला सांगत नाही मी ते. विलासचा मोबाइल अजून चालू आहे. दर खेपेला रिचार्ज मारते. जुने गिऱ्हाईक त्याच नंबरवर फोन करतात हे तर आहेच, पण मतलब ते नाही. मतलब हा की नंबर बंद झाला तर दुसऱ्या कोणाला मिळेल, आणि मी कधी चुकून लावला तर कोणी भलताच हॅलो म्हणेल. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, लावतेस का कधी. म्हटलं लावते. तो फोन कपाटात असतो, तिथे वाजतो, मी इकडे ऐकते. त्या हसल्या थोड्या. माझा हात धरला आणि पुष्कळ वेळ धरून बसल्या. मी म्हटलं काकू, पण मी कपाटात जाऊन नाही बसत. तुम्ही गेलात तर त्याची आठवण काढायला एकटे काका राहतील, आणि ते तर बोलतही नाहीत. मी उठले तेव्हा म्हणाल्या, उद्या ये. बॅटरी घेऊन ये. त्यांना मी सांगते.

दुसऱ्या दिवशी रईसभाईंनी काय केलं, जुनी काढायच्या आधी दुसरी एक बॅटरी तारांनी जोडली, म्हणजे बदलताना करंट तुटायला नको, गाडीत जे काही साठवलेलं असतं, सीट कुठे, आरसा कुठे, गाणी कुठली, ते जायला नको. काकू उभ्या राहून बघत होत्या. झालं तेव्हा आत वाकून बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. म्हणाल्या, गाडीला कळलंच नाही.

त्यानंतर हॉर्न वाजला नाही. एकदाही नाही. काकू हळूहळू गाडीपाशी जायच्या थांबल्या, देवळात जायला लागल्या, माझ्याकडे निरोप पाठवायच्या, कधी थालीपीठ. मला वाटलं संपलं.

तर काका यायला लागले. दुपारचे, गाडी घेऊन. म्हणाले हलवत राहा म्हणालात म्हणून काढली, पण मागून आवाज येतो. रईसभाईंनी गाडी उचलली, खालचे सगळे रबर बघितले, डिकीतला जॅक काढून बघितला, सीटबेल्टच्या पट्ट्यांचे हूक कापडाने बांधले. काही नाही. काका गेले आणि पंधरवड्याने परत. आवाज येतोय. रईसभाई म्हणाले भाभी, इसमें कुछ नहीं है. मी म्हटलं मी बसते बरोबर. काका चालवत होते, अगदी सावकाश, कोठी रोडने, झाडांखालून. रेडिओ बंद, काचा बंद. म्हटलं कसा आवाज काका. तर म्हणाले, मागच्या सीटवर कोणी कूस बदलावी तसा. तो लहान असताना आम्ही कुठून परत येत असलो की मागे झोपलेला असायचा. मग म्हणाले, तिला तिच्या हॉर्नमुळे लोक वेडी म्हणत होते. मीही म्हणालो असेन. हे तिला सांगू नका.

पहिल्यांदा मला काही ऐकू आलं नाही. मी तसं सांगितलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी मान हलवली. तरी परत आले, आणि मी परत बसले. आता ते नेमानेच येतात, आम्ही त्याला टेस्ट ड्राइव्ह म्हणतो, पैसे मी घेत नाही. जाताना ते गप्प असतात, येताना बोलतात, निखिलला गणित यायचं नाही, निखिल पोहायला गेला आणि चप्पल हरवून आला, असलं. घरी हे बोलत नाहीत. काकूंना ठाऊक आहे ते कुठे जातात, फोन करून मला विचारतात, बोलले का आज. मी म्हणते बोलले. त्या म्हणतात, बरं झालं.

गेल्या खेपेला कोठी रोडवरच, एक कुत्रं आडवं आलं म्हणून काकांनी गाडी थांबवली. इंजिनसुद्धा अशा गाड्यांत थांबलं की आपणहून बंद होतं, तर एकदम शांत. आणि मागे आवाज झाला. सीटचं चामडं करकरलं, आणि मग श्वास सोडल्यासारखं काहीतरी. मी मागे वळले नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, आला ना. मी म्हटलं आला. आणि आला होता हो, तुमची शपथ.

ते म्हणाले, मग याला काय करावं लागेल. खर्च किती का असेना, तुम्ही सांगा.

मी म्हटलं काका, याला काही करायचं नाही. हे असं राहू द्यायचं.

कुत्रं केव्हाच गेलं होतं, मागून एक ऑटोवाला भोंगा मारत होता. मग त्यांनी गाडी काढली, नेहमीपेक्षाही हळू, खड्डे चुकवत, वळण आलं की आणखी हळू. मला कळत होतं ते कोणासाठी हळू चालवत होते. देव त्यांना बरं ठेवो, दोघांनाही. आम्ही तसेच त्यांच्या घरी गेलो.