ओट्यातल्या ग्रिलची आग

मी, गल्लीत सगळ्यांची वहिनी, वय ४१, धंदा चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार छापखान्यामागचं बैठं घर, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, सासू व सासरे असे एकत्र राहतो. पती कामानिमित्त परगावी होते, ते निघाले आहेत.

आज सकाळी वायरमनने आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यात भाजण्यासाठी विजेचं ग्रिल बसवलं. त्याला वेगळी वायर ओढली आणि माझ्यासमोर चालवून दाखवलं. "वहिनी, पहिल्यांदा खिडक्या उघडून रिकामंच तापवा. कारखान्यातलं तेल लागलेलं असतं, ते जळून थोडा धूर येईल. आणि बटण शून्यावर आणून पूर्ण गार झाल्याशिवाय वर लाकडी झाकण टाकू नका," असं तो म्हणाला. हे मी ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं. सासरे तेव्हा त्याच्या शिडीने भिंतीला पडलेला ओरखडा बघत होते.

तो गेल्यावर मी बटण शेवटच्या आकड्यावर नेलं. धूर आला तसे सासरे धावत आले. आमच्या घरात वीज हे सासऱ्यांचं खातं आहे. बल्ब नुसता फडफडला तरी ते आधी दारामागचा मेन खाली ओढतात, चौकशी मागून. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात, आमचे सासरे पाणीसुद्धा फुंकतील. त्यांनी मेन ओढला, ग्रिलचा दिवा विझला. धूर येणारच होता असं मी म्हणाले, तर म्हणाले, "घर जळाल्यावर सांगणार होतीस का? वास जाईपर्यंत मेन लावायचा नाही." मला दुकानाला उशीर होत होता. दिवा विझलेला पाहून मी निघाले. बटण शून्यावर आणलं नाही.

सासूबाईंना ओट्यावर पसारा खपत नाही. ग्रिल गार लागल्यावर त्यांनीच झाकण टाकून वर धुतलेली फडकी रचली असणार. त्या फडक्यांचं जे उरलं ते मी नंतर पाहिलं.

दुपारी शेजारच्या शिंप्याचा मला दुकानात फोन आला, "वहिनी, असाल तशा या, तुमच्या स्वयंपाकघरातून धूर येतोय." मी पोचले तोवर त्याने मागचं दार फोडून सासूबाईंना बाहेर काढलं होतं. त्या लगतच्या खोलीत झोपल्या होत्या. भाजलेलं नाही, पण धूर छातीत गेला आहे. अजून डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही म्हणतात. माझा जीव सगळा तिकडे आहे, हेही लिहून घ्यावं. आग विझल्यावर मी आत जाऊन पाहिलं, बटण शेवटच्या आकड्यावरच होतं.

वायरमनने जोडणी कच्ची केली अशी तक्रार सासऱ्यांनी दिली आहे, आणि त्यावरून त्याला इथे बसवून ठेवलं आहे. त्याच्या कामात खोट नव्हती. त्याला घरी जाऊ द्यावं. म्हणूनच मी पुढचं सांगते, नाहीतर जीभ रेटत नव्हती.

दवाखान्यात सासूबाईंचा हात धरून सासरे मला म्हणाले, "उकडत होतं गं तिला. मी मेन लावला, पंखा सुरू करून दिला, पड म्हटलं जरा, आणि तिच्या गोळ्या आणायला गेलो. किती शांत झोप लागली होती तिला." मेन लावल्यावर पंख्याबरोबर आणखी काय सुरू झालं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. मी सांगितलेलं नाही. कळलं तर ते सावरतील की नाही, याची मला फार भीती वाटते.

हा जबाब मला वाचून दाखवला. सासरे बाहेर बाकावर बसले असल्याने माझ्या विनंतीवरून दार लावून, हळू आवाजात वाचला. तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.