जिता काटा

सन पस्तीसच्या उन्हाळ्यात जऊळक्याच्या स्टेशनावर वाशीमच्या गाडीला उशीर होता. माझ्या बाकावर दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर झाकलेली टोपली होती.

"सोजर, सायाळीचं पिल्लू घेऊन गुरांच्या डॉक्टरपाशी चालली तू? लोक हासतीन."

"हासू द्या. त्याच्या पाठीत पू झाला, आक्का. काटे तुमी उपटले."

"तीनच उपटले. सुनेच्या ओटीभरनाले भांग पाडाले सायाळीचा काटा लागते, तुले मालूम नाही काय?"

"मालूम हाय. म्हनूनच त्याचे गळलेले काटे मी डब्यात जपून ठेवले. मांगले काहून नाही?"

"गळलेला काटा मेलेला असते. शुभ कामाले जिता पाह्यजे."

"हे कोनं सांगतलं?"

"मायी सासू सांगे."

"सासूनं कधी उपटून पाह्यला होता काय? याची माय विहिरीत पडून मेली, तवा हे मुठीएवढं होतं. कापसाच्या वातीनं बकरीचं दूध पाजलं मी त्याले. मानसाचं भेव त्याले मालूमच नव्हतं. तुमी आवाज देल्ला, त पायाशी येऊन बसलं."

"हळू बोल. लोक आयकून राह्यले."

"आयकू द्या."

"बरं, झालं ते झालं. सुनेचं लेकरू झालं का बारशाले येशील ना?"

"येईन. पन पाळन्यापासून हलनार नाही. तुमाले शुभ कामाले आनखी काय काय जितं लागते, मले काय मालूम."